फोन विकलात, मग किल्ली परत का नेली? फोन कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
अँड्रॉइड फोन बनवणाऱ्या सगळ्या कंपन्या
(आणि त्यातली ती एक, जिला वाचता वाचता कळेलच)

विषय: अपडेटमधून बूटलोडर अनलॉकचा पर्याय गुपचूप काढून टाकल्याबद्दल

नमस्कार,

गेल्या महिन्यात रात्री अपडेट आलं, झोपायच्या आधी लावून टाकलं, सकाळी कशासाठी तरी डेव्हलपर ऑप्शन्स या सेटिंग्जमधल्या लपलेल्या मेनूत गेलो तर 'ओईएम अनलॉकिंग' ही ओळच गायब (बूटलोडरचं कुलूप उघडायची परवानगी तिथून द्यायची असते, बूटलोडर म्हणजे काय ते खाली सांगतो). फिकट झालीये, दाबता येत नाहीये असं असतं तरी समजलं असतं, इथे ओळच नाही. वाटलं आपणच अजून झोपेत आहोत, तीन वेळा वरखाली स्क्रोल केलं, बिल्ड नंबरवर परत सात टिचक्या मारून बघितल्या (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा मेनू तसाच उघडतो, का ते विचारू नका), फोन बंद करून चालू केला. नाहीच. मग अपडेटच्या माहितीत गेलो, तिथे काय लिहिलं होतं तर 'सिस्टिमची स्थिरता सुधारली'. एवढंच.

मी कोण? डेव्हलपर वगैरे काही नाही. घरातल्या आणि नात्यातल्या सगळ्यांचे फोन ज्याच्या गळ्यात पडतात तो माणूस, 'अरे जरा बघ ना, हँग होतोय' वाला. आजवर स्वतःचे चार फोन रूट केले, त्यातला एक कायमचा मारला. आणि आज हातात आहे तो फोन रूट केलेला नाही, त्याचा बूटलोडर मी कधी उघडलाही नाही. मग ओरडतोय कशाला? तर फोन घेतानाच ठरवलं होतं की ज्या दिवशी तुमचे अपडेट बंद होतील त्या दिवशी उघडायचा, दुसरी सिस्टिम टाकायची आणि अजून तीनचार वर्षं रेटायचा. तेव्हा तुमच्याच साइटवर अनलॉक कसं करायचं याचं पान होतं, ते वाचून मी हा फोन घेतला. आता ते पानही उघडत नाही.

रूट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण हे पत्र माझ्या मावशीनेही वाचावं असं वाटतं. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. प्रत्येक अॅपला तिथे स्वतःचा वेगळा युजर नंबर मिळतो, त्यामुळे टॉर्चचं अॅप तुमच्या बँकेच्या अॅपच्या फोल्डरमध्ये डोकावू शकत नाही. शून्य नंबरचा युजर म्हणजे रूट, त्याला जवळपास कुठेही जाता येतं, काहीही पुसता येतं. फोन विकत घेतलेल्या माणसाला हा शून्य नंबर मिळत नाही, तो कंपनीच्या सॉफ्टवेअरकडेच राहतो. २००८ साली आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनमध्ये, टी-मोबाइल जी१ मध्ये, तर गंमतच झाली होती, कीबोर्डवर जे टाइप कराल ते मागच्या मागे रूटच्या शेलमध्येही (म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) जायचं, त्यामुळे एकाने गप्पा मारताना 'रीबूट' हा शब्द टाइप करून एंटर मारलं तर फोन खरोखर रीबूट झाला. ते भोक लगेच बुजवलं गेलं, आणि बरोबरच होतं.

आणि बूटलोडर म्हणजे फोन चालू होताना सगळ्यात आधी जागं होणारं सॉफ्टवेअर, दारावरचा वॉचमन म्हणा. पुढची सिस्टिम कंपनीच्या सहीची आहे का ते तो बघतो, सही नसेल तर आत सोडत नाही. अनलॉक म्हणजे वॉचमनला सांगायचं की बाबा, सही बघू नकोस. ते झालं की मॅजिस्कसारख्या टूलने बूट इमेज (सिस्टिम सुरू करणारी फाइल) बदलून घ्यायची, ती फोनमध्ये भरायची, झालं रूट. नीट सूचना वाचणाऱ्याला अर्धा तास लागतो. मी पहिल्यांदा केलं तेव्हा मला अख्खी रात्र लागली होती, कारण मी सूचना वाचल्या नव्हत्या.

आता तुमच्या बाजूने बोलतो, कारण तुम्ही म्हणता ते धोके खोटे नाहीत आणि मी त्यातले बरेचसे स्वतःच्या फोनवर अनुभवलेत.

पहिल्यांदा अनलॉक केलं तेव्हा फोनमधलं सगळं पुसलं जातं हे मला माहीत होतं. फोटो काढून ठेवले, नंबर काढून ठेवले, लॉगिनचे सहा आकडी कोड देणाऱ्या अॅपचा विचारच डोक्यात आला नाही. फोन कोरा होऊन चालू झाला, ईमेल उघडायला गेलो, त्याने कोड मागितला, आणि कोड देणारं अॅप मीच दोन मिनिटांपूर्वी पुसलेलं. अकरा दिवस ईमेलच्या बाहेर बसलो होतो. पण हे पुसणं योग्यच आहे हं, नाहीतर चोराने फोन उचलला, अनलॉक केला, सगळं वाचलं असं झालं असतं.

दुसऱ्या वेळी एका चॅट ग्रुपवरून आवाज मोठा करणारं मॉड्यूल, म्हणजे रूट केलेल्या फोनला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, उचललं. टाकलं, फोन लोगोवर जाऊन अडकला, पुन्हा लोगो, पुन्हा लोगो, अर्धा तास तोच खेळ. कसाबसा सोडवल्यावर ती झिप फाइल कॉम्प्युटरवर उघडून बघितली. आत फोन चालू होताना चालणारी एक छोटी स्क्रिप्ट होती, जेमतेम वीस ओळी, आणि त्यातल्या शेवटून दुसऱ्या ओळीत कुठल्यातरी सर्व्हरवरून एक फाइल उतरवून ती रूट म्हणून चालवायची असं लिहिलेलं. ती फाइल काय करत होती हे मला आजही माहीत नाही. वीस ओळी होत्या हो, दोन मिनिटांचं वाचन, आणि मी ते आधी केलं नाही. त्या रात्री सगळे पासवर्ड बदलत बसलो. रूटचा खरा धोका मला तेव्हा कळला, परवानगीची खिडकी येते, आपण 'हो' दाबतो, आणि तिथून पुढे फोनमधली कुठलीच भिंत आपल्या बाजूने उभी राहत नाही.

तिसरा तो मेलेला फोन. नवीन अपडेट आवडलं नाही म्हणून जुनं फर्मवेअर (कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर) भरायला गेलो. फोनच्या आत अँटी-रोलबॅकचा एक आकडा असतो, तो फक्त वाढतो, कमी होत नाही, त्यामुळे जुनं भरलं की फोन ते नाकारतो. का, तर कोणी मुद्दाम जुनी, भोकं असलेली सिस्टिम भरून आत शिरू नये म्हणून. माझ्या फोनने नुसतं नाकारलं नाही, तो गेलाच. स्क्रीन काळी, बटणं दाबून बोटं दुखली, चार्जरला लावून काही नाही, कॉम्प्युटरला जोडला तर तिथे फक्त 'क्यूडीलोडर ९००८' एवढं नाव दिसायचं, म्हणजे क्वालकॉमच्या चिपचा आपत्कालीन मोड तेवढा जिवंत. हे नाव ज्यांनी स्वतःच्या फोनसाठी बघितलंय त्यांना पोटात कसा गोळा येतो ते सांगायला नको.

शिवाय रोजच्या कटकटी वेगळ्याच. अनलॉक केलेला फोन दरवेळी चालू होताना इशाऱ्याची पाटी दाखवतो. बँकेचं अॅप तोंडावर दार लावतं. व्हिडिओची अॅप्स बऱ्याच फोनवर मग एचडी देतच नाहीत, चांगल्या स्क्रीनवर धुरकट चित्र बघायचं. काही फोनमध्ये तर कायमचा फ्यूज असतो, सॅमसंगच्या नॉक्स या सुरक्षा व्यवस्थेतल्यासारखा, एकदा उडाला की पुन्हा बसत नाही आणि त्यावर चालणाऱ्या सोयी गेल्या त्या गेल्याच. आणि बूटलोडर उघडा असलेला फोन कोणाच्या हातात थोडा वेळ राहिला तर तो आतली बूट इमेज बदलून ठेवू शकतो, तुम्ही घरी येऊन आरामात पिन टाकणार आणि ती तिसरीकडे पोचणार. म्हणून कोणी मला विचारलं की रोजच्या वापराचा फोन रूट करू का, तर मी सरळ नको म्हणतो. मावसभावाला गेल्याच वर्षी नको म्हटलं, तो अजून रुसलेला आहे.

एवढं सगळं मान्य करूनही तुम्ही जे केलंत ते मला पटत नाही, आणि त्याचं मोठं कारण हे की दार बंद केल्याने लोक रूट करायचं थांबत नाहीत, ते भिंतीत भगदाड शोधतात. २०१४ मध्ये टॉवेलरूट नावाचं अॅप आलं होतं, लिनक्सच्या कर्नलमधल्या (म्हणजे गाभ्यातल्या) एका चुकीचा फायदा घेऊन एका बटणात रूट करायचं. ज्या फोनचा बूटलोडर कंपनीने कुलूपबंद ठेवला होता त्यांच्या मालकांना तर तो देवच भेटल्यासारखा झाला. पुढे २०१६ मध्ये गुलिगन नावाचं मालवेअर पसरलं, तेव्हा तपासणाऱ्यांनी १० लाखांहून जास्त गूगल खाती त्याच्या हाती लागल्याचं सांगितलं, आणि ते फोनमध्ये रूट कसं मिळवत होतं? त्याच टॉवेलरूटसारख्या जुन्या, न बुजवलेल्या भोकांतून. म्हणजे मालकाला आत जायला जे भोक लागलं तेच चोरालाही लागलं. सरळ दार असतं, पिन विचारणारं, डेटा पुसणारं, इशारा देणारं, तर कुठल्यातरी अनोळखी साइटवरचं 'एका क्लिकमध्ये रूट' वालं अॅप टाकायची वेळच किती जणांवर आली असती? तुम्ही दार बुजवलंत की उरतात ती तसलीच अॅप्स. सुरक्षेच्या नावाखाली तुम्ही लोकांना नेमकं तिकडे ढकलताय.

आता माझ्या तक्रारी एकेक करून सांगतो.

सगळ्यात पहिली, विकल्यानंतर माल बदलला. विकताना जी सोय होती ती नंतर काढून घ्यायची, तीही न सांगता. ह्युवेईने २०१८ मध्ये अनलॉक कोड द्यायचं बंद केलं तेव्हा निदान आधी तारीख तरी जाहीर केली होती. तुम्ही 'स्थिरता सुधारली' म्हणालात. कोणाची स्थिरता?

दुसरी, तुमचा सुरक्षेचा युक्तिवाद. आईचा फोन बघा. अँड्रॉइड १०, शेवटचा सिक्युरिटी पॅच २०२१ चा, त्यानंतर किती भोकं सापडली असतील याची गणती नाही. तुम्ही तिचे अपडेट बंद करून मोकळे झालात. त्या फोनवर बँकेचं अॅप मजेत चालतं, कारण बूटलोडर बंद आहे आणि सही कंपनीची आहे, म्हणजे कागदोपत्री फोन 'विश्वासू'. माझ्याकडे एक दुसरा जुना फोन आहे, त्यावर लिनिएजओएस ही अँड्रॉइडवरच बनलेली दुसरी सिस्टिम टाकलीये, रूट नाही, पॅच याच महिन्याचा. तिथे तेच अॅप म्हणतं तुमचं डिव्हाइस सुरक्षित नाही. दोन्ही फोन शेजारी ठेवून मी एकदा बराच वेळ बघत बसलो होतो. आई म्हणाली, 'तुझाच फोन बिघडलाय, माझा बघ कसा चालतो.' तिला काय समजावणार? बूटलोडर बंद आहे म्हणजे कोणी सिस्टिम बदललेली नाही एवढंच कळतं, सिस्टिम ताजी आहे की सडलेली हे त्यातून कळत नाही. (बँकांच्या अॅपवाल्यांशी वेगळं भांडायचंय, त्यांचं पत्र पुढे कधीतरी.)

तिसरी तक्रार नको असलेल्या अॅप्सची. माझ्या नव्याकोऱ्या फोनमध्ये अशी सहा अॅप्स होती जी काढताच येत नाहीत, फक्त 'डिसेबल' होतात, आणि त्यातलं एक प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर पुन्हा जिवंत होतं आणि मला बातम्या वाचायला बोलावतं. कॉम्प्युटरला जोडून एडीबीच्या (कॉम्प्युटरवरून फोनला हुकूम द्यायच्या टूलच्या) कमांडने ती माझ्या खात्यातून काढता येतात, रूट लागत नाही, हेही मी लोकांना करून देतो, पण तरी अॅपची फाइल सिस्टिमसाठी राखलेल्या भागात जागा अडवून बसतेच. रूटच्या वाटेला लागलेल्या कितीतरी लोकांची पहिली पायरी हीच असते, त्यांना कर्नल-बिर्नल काही नको असतं, फक्त ते एक अॅप घालवायचं असतं.

चौथी, बॅकअप. माझ्याच फोनमधला माझाच डेटा मला पूर्ण काढून ठेवता येत नाही, कारण अॅप बनवणाऱ्याने नको म्हटलं की त्या अॅपचा डेटा बॅकअपमधून वगळला जातो. लोक वर्षानुवर्षं निव्वळ यासाठी रूट करत आलेत. ते अकरा दिवस आठवले की अजून चिडचिड होते.

पाचवी, वॉरंटी. आधीच्या एका फोनचा चार्जिंगचा पोर्ट ढिला झाला, सर्व्हिस सेंटरवाल्याने बूटलोडरची स्थिती बघितली आणि म्हणाला एकदा अनलॉक झालेला आहे, वॉरंटी नाही. अहो, पोर्टचा आणि बूटलोडरचा संबंध काय? सॉफ्टवेअर बदलून लोखंडाची पट्टी वाकते का? त्याचा दोष नव्हता, त्याच्या स्क्रीनवर तसंच लिहून आलं होतं.

आणि एक राहिलंच, कर्नलचा सोर्स कोड. लिनक्सचं लायसन्स म्हणजे जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याची दुसरी आवृत्ती आहे, तुम्ही कर्नल फोनमध्ये भरून विकता तेव्हा त्याचा सोर्स मागणाऱ्याला द्यावाच लागतो, ती काही मेहरबानी नव्हे. माझ्या फोनचा सोर्स दोन अपडेट मागचा आहे. ईमेल केला, उत्तर आलं, 'आम्ही आपली सूचना नोंदवली आहे.' सूचना कसली, अट आहे ती.

मला माहितीये तुम्ही काय म्हणाल. काही विक्रेते खोकं फोडून फोनमध्ये दुसरंच सॉफ्टवेअर भरतात आणि नवा म्हणून विकतात, म्हणून बंद केलं. हे घडतं, खरं आहे. पण त्याला उपाय आहेत, काही तर तुमच्यातल्याच काहींनी करून बघितलेत. शाओमीने १६८ तास थांबायला लावलं होतं, लोकांनी शिव्या घातल्या पण थांबले. तुम्हीही लावा. फोनच्या मालकाचं खातं लागेल म्हणा, पिन लागेल म्हणा, तीन वेळा लाल अक्षरात इशारा द्या, मी तिन्ही वेळा वाचेन, आता वाचायची सवय लागलीये.

मागण्या सांगतो.

जे फोन अनलॉकची सोय आहे म्हणून विकले त्यांच्यात ती पुढच्या अपडेटमध्ये परत द्या, आणि इथून पुढे असा पर्याय काढायचा असेल तर अपडेट लावायच्या आधी स्पष्ट शब्दांत सांगा, म्हणजे नको असेल त्याला थांबता येईल.

दुसरं, अनलॉक करून दुसरी सिस्टिम टाकल्यावर स्वतःच्या सहीने बूटलोडर परत बंद करायची सोय द्या. ही माझी सगळ्यात मोठी मागणी आहे. अँड्रॉइडच्या व्हेरिफाइड बूटमध्ये (चालू होताना सही तपासायच्या यंत्रणेत) याची व्यवस्था आहेच, गूगलच्या पिक्सेल फोनवर ती चालते, पिक्सेलसाठी ग्राफीनओएस नावाची दुसरी सिस्टिम बनवणारे तर टाकून झाल्यावर बूटलोडर बंद करा असंच सांगतात. ही सोय असली की वॉचमन पुन्हा जागेवर बसतो, फक्त सही मालकाने निवडलेल्याची बघतो, आणि कोणी मागून बूट इमेज बदलली तर फोन चालूच होत नाही. तुमच्या बहुतेक फोनवर हे करता येत नाही, आणि मग तुम्हीच म्हणता अनलॉक केलेला फोन असुरक्षित असतो.

तिसरं, ज्या दिवशी एखाद्या मॉडेलचे सिक्युरिटी अपडेट बंद कराल त्या दिवशी त्याचा अनलॉक खुला करा, मूळ फर्मवेअर आणि कर्नलचा सोर्स साइटवर ठेवा. सात सात वर्षं अपडेट देऊ असं आता गूगल आणि सॅमसंग त्यांच्या महागड्या फोनसाठी म्हणायला लागलेत, चांगलंच आहे, पण आठव्या वर्षी काय आणि स्वस्तातल्या फोनचं काय?

बाकी छोटं छोटं. सोबत आलेली अॅप्स पूर्ण काढता येऊ द्या. मालकाने स्वतः पिन टाकून मागितला तर पूर्ण बॅकअप द्या. आणि हार्डवेअरची वॉरंटी नाकारायची असेल तर अनलॉकमुळेच तो भाग बिघडला हे तुम्ही दाखवा.

लॉक केलेला फोन ज्याला हवाय त्याला तो तसाच मिळावा, माझ्या आईला तसाच हवा, आणि तिच्या फोनला मी हातही लावणार नाही. उलट तिला नवे पॅच द्या एवढंच म्हणेन. मी मागतोय ती मी विकत घेतलेल्या वस्तूची किल्ली. ती मी कदाचित कधी वापरणारही नाही.

हे पत्र तुमच्या ग्राहक सेवेलाही पाठवलंय. कृपया 'फोन रीस्टार्ट करून बघा' असं उत्तर पाठवू नका, केलाय.

आपला,
एक ग्राहक

ता. क. तो ९००८ वाला फोन अजून ड्रॉवरमध्ये आहे. चूक माझी होती, फुकट दुरुस्त करून द्या असं म्हणत नाही. तो उठवायला तुमच्या सहीची एक फाइल लागते, ती फक्त तुमच्या सर्व्हिस सेंटरकडे असते, आणि तिथे मला सांगितलं की हे मॉडेल आता आमच्या यादीतच नाही. यादीत नसेल तर ती फाइल लपवून कोणाचं काय वाचतंय? साइटवर टाका, उठवतो मी माझा.